जुनी आउटबोर्ड मोटर घेण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होडीच्या मागे टांगायच्या जुन्या आउटबोर्ड मोटरीत बिघडलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट दुरुस्त होते. फक्त त्या पैशात दुसरी मोटर येत असेल तर त्या दुरुस्तीला अर्थ राहत नाही. हा निकाल तीन जागी लागतो: इंजिनचे सिलिंडर, खालचा गिअरबॉक्स आणि गंज. कार्बोरेटर, दोरी, इम्पेलर (इंजिन थंड ठेवणारे पाणी खेचणारे रबरी चक्र), होडी ढकलणारा पंखा फुटका असणे या सगळ्यांवर घासाघीस करता येते, त्यांच्यामुळे मोटर नाकारायची गरज नसते. खालची उत्तरे मुख्यतः ५ ते १५० अश्वशक्तीच्या पेट्रोल मोटरींसाठी आहेत.

मोटर बघायला जाण्याआधी विक्रेत्याला काय विचारावे?

पूर्ण मॉडेल क्रमांक, सीरियल क्रमांक, शाफ्टची लांबी, शेवटची कधी चालवली आणि इम्पेलर कधी बदलला, एवढे विचारा. आणि एक गोष्ट आवर्जून सांगा: आम्ही येण्याआधी मोटर सुरू करू नका. गरम इंजिन पहिल्या खेचीत सुरू होते, त्यात काही विशेष नाही. खोडी दिसते ती थंड इंजिनात. पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे काउल, म्हणजे इंजिनावरचे झाकण, उघडून सिलिंडरच्या ठोकळ्यावर हात ठेवणे. कोमट लागला तर तो थंड होईपर्यंत बाकीच्या तपासण्या उरका आणि "का तापवली?" हे सरळ विचारा.

सोबत कोणती अवजारे न्यावीत?

सिलिंडरमधला दाब मोजणारे कॉम्प्रेशन गेज, तेही प्लगच्या आट्यांना बसणाऱ्या अडॅप्टरसह. प्लगचा पाना, रुंद पात्याचा मोठा स्क्रूड्रायव्हर, पकड, स्पार्क टेस्टर, मल्टिमीटर, टॉर्च, एक पांढरा प्लास्टिकचा डबा, चुंबक, चिंध्या आणि गिअर ऑइलच्या स्क्रूचे दोन नवे वॉशर. पाणी आत घेणाऱ्या जाळ्यांवर बसवायचे रबरी फ्लशिंग मफ विक्रेत्याकडे असतीलच असे नाही, तेही घ्या. फोनला जोडायचा स्वस्त बोअरस्कोप, म्हणजे भोकातून आत घालायचा बारीक कॅमेरा, असेल तर उत्तम. त्याचा उपयोग पुढे येतोच.

टू-स्ट्रोक घ्यावी की फोर-स्ट्रोक?

टू-स्ट्रोक हलकी, आतून साधी, घरच्या अवजारांनी उघडता येणारी. पेट्रोल आणि तेल जास्त पिते, धूर सोडते, आणि काही जलाशयांवर जुन्या कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोकना बंदी असते. तुमच्या पाण्यावरचा नियम आधी बघा. फोर-स्ट्रोक शांत आणि काटकसरी, पण वजनाने जड. ज्या होडीवर आधी टू-स्ट्रोक होती तिच्यावर तेवढ्याच ताकदीची फोर-स्ट्रोक टांगली तर मागचा भाग खाली बसू शकतो. होडीच्या पाटीवर दिलेली कमाल अश्वशक्ती आणि वजन दोन्ही पाळा.

दुर्लक्ष झालेल्या मोटरींत मात्र टू-स्ट्रोक बघणे सोपे जाते. तिच्यात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग बेल्ट नाही. कॉम्प्रेशन, ठिणगी आणि इंधन एवढ्यावर निदान होते. फोर-स्ट्रोक घ्यायची असेल तर सर्व्हिसच्या नोंदी जास्त मोलाच्या ठरतात.

मोटर कोणत्या वर्षाची आहे हे कसे कळेल?

ट्रान्समला, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला, अडकवायच्या ब्रॅकेटवर पत्र्याची पाटी किंवा स्टिकर असतो. त्यावरचा मॉडेल आणि सीरियल क्रमांक कंपनीच्या तक्त्याशी जुळवा. जॉन्सन आणि एव्हिनरूड मोटरींना १९८० पासून वर्षासाठी अक्षरे वापरली जात. 'इंट्रोड्यूसेस' या इंग्रजी शब्दातील दहा अक्षरे क्रमाने १ ते ९ आणि शेवटचे अक्षर ०. म्हणजे आय १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९, एस ०. मॉडेल क्रमांकाच्या शेवटी सुधारणेचे एक अक्षर असते, त्याच्या आधीची दोन अक्षरे म्हणजे वर्ष: सी-डी असेल तर १९८६.

पाटी नसेल, तिचे रिव्हेट नवे असतील किंवा क्रमांक खरवडलेला असेल तर तिथेच थांबा. बऱ्याच मोटरींत इंजिनच्या ठोकळ्यावर, एका गोल धातूच्या बुचावर, तोच क्रमांक पुन्हा ठोकलेला असतो. दोन्ही जुळत नसतील तर इंजिन बदललेले आहे. ते वाईटच असते असे नाही, पण विक्रेत्याने आपणहून सांगायला हवे होते. चोरीच्या मोटरीचा धोका खरा आहे. खरेदीची पावती आणि विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत मागण्यात संकोच नको.

शाफ्टची लांबी चुकली तर काय होते?

चांगली मोटर निरुपयोगी होते. प्रचलित लांबी तीन: १५ इंच, २० इंच आणि २५ इंच. होडीच्या ट्रान्समची उंची, मोटर जिथे टेकते त्या कडेपासून तळाच्या रेषेपर्यंत, मोजा आणि तेवढाच शाफ्ट घ्या. मोटर लावल्यावर पंख्याच्या वरची आडवी प्लेट तळाच्या पातळीला किंवा इंचभर खाली यायला हवी. शाफ्ट आखूड असेल तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन उगाच ओरडते. लांब असेल तर ओढ वाढते, पाणी उडते आणि उथळ जागी गिअरबॉक्स आपटतो. "थोडे खाली-वर करून बसेल" हे ऐकून घेऊ नका.

बाहेरून बघून किती कळते?

बरेच काही, पण रंगावरून नाही. रंग मुद्दाम खराब ठेवलेली मोटर कुणी विकत नाही. नजर बोल्टच्या डोक्यांवर ठेवा. सिलिंडर हेडच्या बोल्टांवर पान्याचे ताजे ओरखडे असतील तर हेड उघडले गेले आहे, आणि हेड सहसा कुणी हौसेने उघडत नाही. गॅस्केटच्या कडेने सिलिकॉन बाहेर आलेले दिसले तर काम घाईचे झाले आहे. हेडवरचा रंग फुगलेला, करपलेला किंवा तपकिरी पडलेला असेल तर मोटर कधीतरी जबर तापली होती.

मग खालच्या टोकाला या. पंख्याच्या खालचा पाय, म्हणजे स्केग, तुटला किंवा वेल्ड केला असेल तर मोटर दगडावर आपटली आहे. एवढ्यावर नाकारू नका, पण पंख्याचा शाफ्ट दुप्पट लक्षाने तपासा. ब्रॅकेट आणि मधल्या भागावरच्या केसासारख्या चिरा टॉर्च तिरका धरून बघा. मोटर डावी-उजवी वळवा, वर उचलून खाली सोडा. पंखा हाताने धरून मोटर मागेपुढे हलवली की थोडी लवचीकता जाणवते, ती रबरी माउंटची. खटखट आवाज मात्र झिजलेल्या बुशचा.

कॉम्प्रेशन कसे मोजायचे आणि किती हवे?

सगळी तपासणी करायला वेळ नसेल तर निदान ही आणि गिअर ऑइलची करा.

सगळे प्लग काढा आणि कोणता कुठला ते ओळीने मांडून ठेवा. किल कॉर्ड (ओढली की इंजिन बंद करणारी सुरक्षेची दोरी) काढा आणि प्लगच्या केबली ठोकळ्याला जोडून अर्थिंग करा. सीडीआय या इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये केबल हवेत उघडी सोडून इंजिन फिरवले तर आतली विजेची पेटी जळू शकते. पेट्रोलची नळी काढलेली असू द्या. थ्रॉटल पूर्ण उघडा. न्यूट्रलमध्ये हँडल तेवढे फिरत नसेल तर कार्बोरेटरची फडकी हाताने उघडी धरा, नाहीतर हवा कमी जाते आणि सगळे आकडे खोटे कमी येतात. गेज हाताने घट्ट बसवा. स्टार्टर असेल तर काटा वर चढायचा थांबेपर्यंत, दोरी असेल तर पाच-सहा जोरदार खेची. प्रत्येक सिलिंडरला तितक्याच.

टू-स्ट्रोक मोटरींत साधारण ९० ते १३० पीएसआय (दाबाचे एकक) बघायला मिळतात, फोर-स्ट्रोकमध्ये त्याहून बरेच जास्त. तुमच्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. पण गेज-गेजमध्ये फरक असतो, म्हणून एकेका आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. १२०, ११८, ११६ आले तर छान. १० टक्क्यांच्या आतला फरक चालतो. १२०, ११८, ९० आले तर तिसऱ्या सिलिंडरचे कारण सापडेपर्यंत पाकीट खिशातच ठेवा. दोन शेजारचे सिलिंडर सारखेच कमी असतील तर त्यांच्यामधले हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्या.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर रिंग किंवा सिलिंडर झिजले आहेत. हलला नाही तर गॅस्केट किंवा, फोर-स्ट्रोक असेल तर, व्हॉल्व्ह.

दोन इशारे. लहान फोर-स्ट्रोक मोटरींत दोरी हलकी व्हावी म्हणून डीकॉम्प्रेशनची सोय असते, तिच्यामुळे आकडा फसवा कमी दिसतो. आणि टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडलेला सिलिंडरही गेजवर बरा आकडा देऊ शकतो. बोअरस्कोप इथे कामाला येतो: प्लगच्या भोकातून आत बघा. भिंतीवर बारीक तिरक्या रेघांची जाळी दिसली तर चांगले. उभे खोल ओरखडे किंवा ॲल्युमिनियमचा चांदीसारखा लेप म्हणजे पिस्टन एकदा घासून गेला आहे.

काढलेले प्लग काय सांगतात?

चहाच्या रंगाची तपकिरी टोके हवीत. काळा ओला प्लग म्हणजे मिश्रण जाड किंवा ठिणगी अशक्त. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे, टू-स्ट्रोकमध्ये ही धोक्याची खूण. पोर्सेलिनवर चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे. आणि बाकीचे तपकिरी असताना एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे. सगळे प्लग कोरे करकरीत असतील तर जुने बघायला मागा. दुरुस्ती करणारे ते बहुधा टाकत नाहीत.

गिअर ऑइल कसे तपासायचे?

मोटर रात्रभर उभी असेल तर सर्वात बरे, कारण तेलात गेलेले पाणी खाली बसते. पंख्याच्या पुढे, गोळीसारख्या भागाच्या खालच्या बाजूला निचऱ्याचा स्क्रू असतो. खाली पांढरा डबा धरा आणि स्क्रू थोडाच सैल करा. आधी पाणी टपकले आणि मागून तेल आले तर निदान झालेच.

जॉन्सन-एव्हिनरूडच्या अनेक जुन्या मॉडेलांत निचऱ्याच्या स्क्रूजवळच अधिक चिन्हाच्या खाचेचा दुसरा स्क्रू असतो. तो गिअर बदलण्याच्या आतल्या दांड्याला धरून असतो. तो काढला की दांडा आत निसटतो आणि पूर्ण गिअरबॉक्स उघडावा लागतो. सपाट रुंद खाचेचा स्क्रू तोच तुमचा.

तेल गडद पण पारदर्शक असेल तर ते फक्त जुने आहे. दुधी किंवा कॉफीत दूध घातल्यासारखे असेल तर सील गेले आहेत आणि पाणी आत आहे. करपलेल्या वासाचे काळे तेल म्हणजे बेअरिंग तापली. आता चुंबक. स्क्रूच्या टोकाला राखाडी, शाईसारखा मऊ लगदा असणे नेहमीचे. बोटांच्या चिमटीत खरखर लागत नाही. नखाला टोचणारे कण, पत्रीसारखे तुकडे किंवा दाताचा कोपरा सापडला तर गिअर किंवा क्लच संपले, आणि गिअरबॉक्सचे काम अनेकदा पूर्ण मोटरीच्या मोलाच्या जवळ जाते.

दुधी तेल मात्र एकाच किमतीचे नसते. पंख्याच्या शाफ्टवर गुंडाळलेली गळाची तंगूस सील कापते; पंखा काढला की ती दिसते आणि दोन सील बदलून काम भागते. तेच पाणी दोन हंगाम आत राहिले असेल तर बेअरिंग गंजलेल्या असतात. पंखा हाताने फिरवताना खरखर लागते का, ते बघून ठरवा.

"कालच नवे तेल घातले" हे विक्रेत्याचे वाक्य तुम्हाला काहीच सांगत नाही. पाण्यावर अर्धा तास चालवून आल्यावर स्क्रू पुन्हा सैल करा. पक्के हवे असेल तर तेल काढून गिअरबॉक्समध्ये १० पीएसआय हवा भरतात आणि पाच-दहा मिनिटे काटा उतरतो का बघतात. साबणाचे पाणी लावले की कोणते सील गळते तेही कळते.

पंखा आणि त्याचा शाफ्ट?

न्यूट्रलमध्ये, किल कॉर्ड काढून, पंखा फिरवा आणि त्याच्या मधल्या नटाच्या टोकाशी स्क्रूड्रायव्हर स्थिर धरा. टोक गोल न फिरता डुलत असेल तर शाफ्ट वाकला आहे. पात्यांच्या कडा वाकल्या असतील तर क्षुल्लक. रबरी हब घसरतो का हे उभ्या मोटरीवर कळत नाही. हबच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावर मार्करने एक सलग रेघ ओढा आणि पाण्यावरून आल्यावर रेघ तुटली का ते बघा.

सुरू करताना काय बघायचे?

पाण्याशिवाय एक क्षणही सुरू करू देऊ नका. रबरी इम्पेलर काही सेकंदांत करपतो आणि त्याचे तुकडे थंड पाण्याच्या वाटा बुजवतात. मफ लावा किंवा पिंप भरा. पिंपात पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या प्लेटच्याही वर हवे. मफवर इंजिन रिकामेच फिरते, म्हणून हळू चालीच्या वर नेऊ नका.

चांगली मोटर चोक लावून दोन-तीन खेचीत उठते. टू-स्ट्रोकचा निळा धूर सुरुवातीला यायचाच. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर राहिला तर पाणी जळते आहे. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. काही सेकंदांत मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार यायला हवी. आली नाही तर लगेच बंद करा आणि आधी त्या भोकात तार फिरवा, तिथे किड्यांनी चिखल भरलेला असतो. धार सुरुवातीला जोरात आणि मग क्षीण होत गेली तर इम्पेलर झिजला आहे. धार असणे म्हणजे इंजिन थंड राहते आहे, असेही धरून चालू नका: पंप पाणी देत असतो, पण हेडमधली वाट मिठाने बुजलेली असू शकते. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर इंजिन तापल्यावर प्रत्येक सिलिंडरजवळ एकाच जागी मोजा. एखादी जागा बाकीच्यांपेक्षा ठळक गरम असेल तर तिथेच अडथळा आहे.

हळू चालीवर एकेका सिलिंडरची ठिणगी बंद करून बघा. केबलचे आधी टेस्टरमधून अर्थिंग करूनच. चालू सिलिंडर बंद पडला की इंजिनाचा आवाज लगेच खाली येतो. फरक पडला नाही तर तो सिलिंडर आधीपासून झोपलेलाच होता.

पाण्यावर चालवून बघणे खरेच गरजेचे आहे का?

हो. मफवर उत्तम वाटणाऱ्या मोटरीचे अर्धे दोष भार पडल्यावरच दिसतात.

हळू चालीवर पुढचा गिअर टाका. एक स्पष्ट 'खट' यायला हवा. रेंगाळत, घासत टाकलेला गिअर क्लचचे दात गोल करतो. मग हळूहळू वेग वाढवा. अर्ध्या थ्रॉटलवर गिअर सुटून पुन्हा बसतो, होडी धक्के खाते, तर क्लचचे दात गेले आहेत किंवा शिफ्टची जोडणी चुकली आहे. दुसरे कारण अर्ध्या तासात सुटते, पहिल्यासाठी गिअरबॉक्स खोलावा लागतो. कुठले आहे हे तिथल्या तिथे सिद्ध होत नसेल तर वाईट तेच धरा.

पूर्ण थ्रॉटलवर एखादे मिनिट चालवा आणि टॅकोमीटरवर इंजिनाच्या फेऱ्या वाचा. मॅन्युअलमध्ये कमाल फेऱ्यांची मर्यादा असते, जसे अनेक मोटरींना मिनिटाला ५,००० ते ६,०००. त्याखाली राहिली तर आधी पंख्याची पिच, म्हणजे एका फेरीत पंखा तत्त्वतः जेवढा पुढे जातो ते अंतर, बघा: पिच एक इंच कमी केली की साधारण १५० ते २०० फेऱ्या वाढतात. पंखा योग्य असूनही हजार फेऱ्या कमी असतील तर एखादा सिलिंडर किंवा कार्बोरेटर काम करत नाही. फेऱ्या वाढतात पण होडी वेग घेत नाही, तेव्हा पंख्याचा हब घसरतो आहे किंवा पंखा हवा ओढतो आहे. जोरात चालून मिनिटभरात दम तोडत असेल तर इंधनाचा पंप, टाकीची बंद हवेची वाट किंवा आत चिरलेली नळी बघा. इंधनाच्या नळीतला प्रायमरचा फुगा दाबल्यावर सुधारली तर गोष्ट इंधनाचीच, आणि स्वस्त.

शेवटी बंद करून पाच-दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा. गरम इंजिन न उठणे ही इग्निशनची किंवा कमी कॉम्प्रेशनची नेहमीची तक्रार.

फोर-स्ट्रोकमध्ये इंजिन ऑइलची पातळी जास्त आहे, हे चांगले ना?

नाही. काडीवर खुणेच्या वर तेल आणि त्याला पेट्रोलचा वास, म्हणजे पेट्रोल रिंगांमधून खाली उतरते आहे. फार वेळ हळू चालवलेल्या, थर्मोस्टॅट उघडा अडकल्याने थंडच राहणाऱ्या मोटरींत हे होते. वंगण पातळ होऊन बेअरिंग झिजतात. तेल दुधी असेल तर विषय संपला, फक्त झाकणाखालची पातळ साय सोडून. ती ओलाव्याची असते. टायमिंग बेल्ट असेल तर त्याच्या चिरा बघा आणि शेवटचा कधी बदलला ते विचारा.

टू-स्ट्रोकचे ऑइल इंजेक्शन (पेट्रोलमध्ये आपोआप तेल मिसळणारी सोय) बंद करून ठेवले आहे. घ्यावी का?

चालेल, पण ते नीट बंद केले आहे याची खात्री हवी: पेट्रोलमध्ये तेल मिसळूनच भरले जात होते का आणि कोणत्या प्रमाणात? बहुतेक मोटरींना ५० भाग पेट्रोलला १ भाग टीसीडब्ल्यू-३ (आउटबोर्ड टू-स्ट्रोकसाठीच्या तेलाची प्रत) तेल लागते, म्हणजे १० लिटरला २०० मिली. प्रमाण मॉडेलनुसार बदलते, मॅन्युअलमधलेच पाळा. विक्रेत्याला प्रमाण सांगता आले नाही तर बोअरस्कोप पुन्हा बाहेर काढा.

किती तास चाललेली मोटर जुनी म्हणायची?

तासांपेक्षा ते कसे गेले हे महत्त्वाचे. नियमित चाललेली, दर १०० तासांनी किंवा वर्षाने तेल बदललेली मोटर ही चार वर्षे कोपऱ्यात पडलेल्या कमी तासांच्या मोटरीपेक्षा बरी. उभ्या मोटरीत पेट्रोलचा डिंक होतो, इम्पेलरची पाती वाकूनच राहतात, रिंगा चिकटतात आणि सील सुकतात. इंधन इंजेक्शनच्या मोटरींच्या संगणकातून लॅपटॉपवर एकूण तास, कोणत्या फेऱ्यांवर किती तास आणि जुने दोष वाचता येतात. अधिकृत मेकॅनिककडून हा अहवाल मागा. संगणक बदललेला असेल तर आकडा अर्थातच खोटा पडतो.

खाऱ्या पाण्यातली मोटर टाळावी का?

टाळायलाच हवी असे नाही, गंज कुठे आहे ते बघा. रंगावर पांढरे फुगे आले असतील तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचा. खाली घट्ट धातू लागला तर ठीक, पापुद्रे निघाले तर नाही. थर्मोस्टॅटचे झाकण, हेडचे बोल्ट आणि त्यांच्याभोवतीची मिठाची पांढरी पुटे बघा. झिंक किंवा ॲल्युमिनियमचे ॲनोड, म्हणजे मोटरीऐवजी स्वतः झिजणारे तुकडे, अर्धे झिजलेले असणे चांगली खूण, ते काम करत होते. ॲनोडवर रंग मारलेला असेल तर ते काम करतच नव्हते आणि झिजली ती मोटर. स्टेनलेसचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये जाम होतात. गिअरबॉक्स उतरवण्याचे बोल्ट सुटत नसतील तर साधा इम्पेलर बदलणेही भारी पडते. शक्य असेल तर विक्रेत्याच्या परवानगीने एक बोल्ट हलवून बघा.

मोटर पाण्यात बुडाली होती का हे ओळखता येते?

फ्लायव्हीलखाली, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या जड चाकाखाली, टॉर्च मारा. स्टेटरच्या (तिथल्या तारेच्या गुंडाळ्यांच्या) कोपऱ्यांत गाळ, स्टार्टरच्या आत गंज, कनेक्टरमध्ये हिरवे पूट ही लक्षणे. गोड्या पाण्यात बुडून त्याच दिवशी धुऊन, सुकवून, तेल देऊन चालवलेली मोटर जगते. खाऱ्या पाण्यात बुडून तशीच ठेवलेली घेऊ नका. क्रँकशाफ्टच्या बेअरिंग गंजलेल्या असतात आणि ते कॉम्प्रेशन गेजवर दिसत नाही.

वायरिंग आणि चार्जिंग?

वायरीचे टोक सोलून बघा: तांबे काळे पडले असेल तर पुढचा खर्च वायरिंगवर होईल. चार्जिंगची सोय असलेल्या मोटरीत मध्यम फेऱ्यांवर बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडला. चावी दिल्यावर गरम होण्याच्या इशाऱ्याचा भोंगा वाजतो का तेही बघा. अनेकदा तो आवाजाला कंटाळून तोडलेला असतो.

पॉवर ट्रिमची, म्हणजे बटणाने मोटर वर-खाली करणाऱ्या यंत्रणेची, चाचणी?

मोटर पूर्ण वर नेऊन खूण करा आणि बाकीची तपासणी होईपर्यंत तशीच ठेवा. खाली सरकली तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतात. तिचे तेल दुधी असेल तर तेच उत्तर.

"फक्त कार्बोरेटर साफ करायचाय, बाकी ओके आहे" असे सांगतात. विश्वास ठेवावा?

एवढे सोपे असते तर विकण्याआधी त्यांनीच केले नसते का? न चालणारी मोटर न चालणाऱ्या मोटरीच्याच भावात घ्या, आणि तीही कॉम्प्रेशन, गिअर ऑइल आणि ठिणगी या तिन्ही चाचण्या पास झाली तरच. फ्लायव्हील हाताने फिरत नसेल तर ती सुट्या भागांसाठीची मोटर समजा.

सुटे भाग मिळतील का हे आधी कसे बघायचे?

मॉडेल क्रमांकाने पाच गोष्टी शोधा: इम्पेलर किट, गिअरबॉक्सचे सील, कार्बोरेटर किट, इग्निशनची पेटी आणि हेड गॅस्केट. पाचही मिळत असतील तर वय विसरा. कंपनी बंद होणे म्हणजे भाग बंद होणे नव्हे: एव्हिनरूडचे उत्पादन २०२० मध्ये थांबले, तरी तिच्या प्रचलित मॉडेलांचे पुष्कळ भाग इतर उत्पादक बनवतात. उलट कमी खपलेल्या मॉडेलची इग्निशन पेटी मिळत नसेल तर बाकी सगळे उत्तम असून उपयोग नाही.

भाव कसा करायचा?

तशाच, पण सगळे नीट असलेल्या मोटरीचा चालू भाव काढा. त्यातून सापडलेल्या प्रत्येक दोषाचे भाग आणि मजुरी वजा करा. वर इम्पेलर, प्लग, तेले आणि इंधनाच्या नळ्यांचा खर्च वजा करा, ते दोष दिसोत वा न दिसोत. टाकी, नळी, रिमोटची केबल आणि जास्तीचा पंखा सोबत मिळतो का हे शेवटी विचारा. नव्याने घेताना ही फुटकळ यादी भलतीच लांबते.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात काय बदलावे?

इम्पेलर आधी, तो चांगला दिसला तरी. काढलेल्या इम्पेलरची सगळी पाती मोजा. एखादे कमी असेल तर ते वरच्या नळीत अडकले आहे, शोधून काढल्याशिवाय मोटर जोडू नका. गिअरबॉक्स पुन्हा चढवताना ड्राइव्ह शाफ्टच्या बाजूच्या दात्यांना ग्रीस लावा, पण वरच्या टोकावर थापू नका, शाफ्ट पूर्ण वर बसत नाही.

गिअर ऑइल नेहमी खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतले तर हवा अडकते आणि तेल कमी राहते. वरचा स्क्रू आधी बसवा, मग नळी काढून खालचा, दोन्हींना नवे वॉशर. थर्मोस्टॅट, प्लग, इंधनाचा फिल्टर, चिरलेल्या नळ्या आणि फुगा बदला. जुने पेट्रोल टाकीसकट रिकामे करा. पंख्याच्या शाफ्टला सागरी ग्रीस लावा. पहिले दहा तास चालवून गिअर ऑइल पुन्हा डब्यात थोडे काढा आणि रंग बघा.